माझ्या पाठीवरचे अकरा चौकोन

मी बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतली एक शेगडी बोलतेय. स्वयंपाकघरातली नव्हे, बागेतली. चार उंच पाय, अर्ध्या पिपासारखं पोट, त्यावर लोखंडी जाळी आणि वर झाकण. हिरवळीवर उभं राहून कोंबडी, कणसं, रताळी भाजावीत, यासाठी माझा जन्म.

माझी पाठ पाहून लोक आधी दचकतात. तिच्यावर अकरा चौकोन आहेत आणि त्यांतले नऊ पाहवत नाहीत. कुठे फोड, कुठे पापुद्रे, कुठे करपलेला डाग. एका गिऱ्हाइकानं तर विचारलं होतं, "हिला देवी येऊन गेल्या का हो?"

आपलं आयुष्य सांगण्याजोगं आहे का, याची मला अजून खात्री नाही. सांगायला बसले की वाटतं, यात माझं कर्तृत्व ते काय? मी नुसती उभी होते. तारखा चुकत असतील, कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडी जात असेल. पण जे घडलं ते माझ्या अंगावर घडलं, आणि इतक्या जवळून ते दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. म्हणून धीर करते.

माझा जन्म १९६१ सालचा. आमचे मालक हणमंतराव. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेच्या घोड्यांबरोबर बेंगळुरात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात कानडी. आजोबांपासून धंदा पत्र्याचा: बादल्या, ट्रंका आणि शेगड्या. कॉटनपेटेतली जागा अपुरी पडली तेव्हा हणमंतरावांनी वसाहतीत भाड्यानं शेड घेतली. पण लोक आता ट्रंकांऐवजी सूटकेस घेऊ लागले होते. शेडमध्ये हातोड्यांचा आवाज दिवसेंदिवस कमी होत होता.

तिथले रंगारी विठोजी. नवरीच्या ट्रंकेवर गुलाब आणि पोपट काढण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. फळीवर त्यांचे नऊ डबे ओळीनं मांडलेले असत, आणि त्यांना हात लावण्याची परवानगी खुद्द मालकांनाही नव्हती.

या शेडचा एक रिवाज होता. नवी शेगडी कारखान्यात कधी पेटवायची नाही. पहिला विस्तव घेणाऱ्याच्या घरी, त्या घरच्या बाईच्या हातचा. कारखान्यात पेटवलेली शेगडी म्हणजे उष्टी शेगडी, असं हणमंतराव मानत. त्यांच्या आजोबांनी पेटवली नव्हती, वडिलांनी पेटवली नव्हती. बादली पाणी भरून तपासत, ट्रंक उलटी करून तपासत, शेगडी मात्र नुसती ठोकून बघत.

अशात कँटोन्मेंटमधल्या एका क्लबाचं काम आलं. क्लबाचे सेक्रेटरी मेजर पूवय्या, कोडगूचे म्हणजे कूर्गचे, फौजेतून निवृत्त झालेले. क्लबाच्या वर्धापनदिनी हिरवळीवर मोठं जेवण होतं. त्यासाठी चोवीस शेगड्या हव्या होत्या. परदेशी मासिकातला एक फोटो दाखवून मेजर म्हणाले, "छत्र्या चार रंगांच्या आहेत, लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या. प्रत्येक छत्रीखाली तिच्याच रंगाची शेगडी. जमेल?"

रंगाच्या बाबतीत गिऱ्हाइकाला नाही म्हणणं हणमंतरावांना माहीतच नव्हतं. ट्रंकेला मागाल तो रंग मिळायचा. कानडीत होकार भरत ते म्हणाले, "सरी, सरी! मेजरसाहेब, चारच का, नऊ देतो."

नमुना म्हणून मी तयार झाले. विठोजींनी मला पोपटी रंगाचे तीन हात दिले. खोटं कशाला बोलू, मी सुंदर दिसत होते. इतकी सुंदर मी त्यानंतर कधीच दिसले नाही.

रविवारी सकाळी मला क्लबाच्या हिरवळीवर उभं केलं. हणमंतरावांनी विनंती केली म्हणून मेजरांच्या पत्नीनं हसत हसत पहिली काडी ओढली. लोणारी कोळसा धरला, कोंबडीचे तुकडे जाळीवर पडले, पंधरा-वीस पाहुणे भोवती जमले.

पाच मिनिटं मी स्वर्गात होते. मग पोटाला खाज सुटल्यासारखं झालं. पोपटी रंगावर फोड आले, फोड फुटले, त्यातून पिवळसर धूर निघाला आणि रंग वितळून ओघळ गवतावर गेले. करपलेल्या तेलाचा असा काही वास सुटला की एक बाई पदर नाकाला लावून उठल्याच. दहाव्या मिनिटाला मी शेवाळलेल्या तपेल्यासारखी दिसत होते.

मेजरांनी एक तुकडा तोंडात घातला आणि सभ्यपणे रुमालात काढून ठेवला. "राव," ते म्हणाले, "कोंबडी उत्तम शिजलीय. शेगडी कच्ची राहिली."

पाहुणे हसले. हणमंतराव हसले नाहीत.

"पंधरा दिवसांनी दुसरी दाखवा," मेजर म्हणाले. "नाहीतर मी मद्रासहून मागवीन."

जटक्यातून, म्हणजे इथल्या टांग्यातून, परत येताना मला दोरीनं बांधलं होतं आणि हणमंतराव माझ्याकडे पाठ करून बसले होते. शेडमध्ये आल्यावर ते विठोजींना एवढंच म्हणाले, "पुन्हा असं तोंड काळं झालं, तर शेडची किल्ली वसाहतीच्या ऑफिसात परत. बास झालं."

हे वाक्य दारातून कुणीतरी ऐकलं. ती वसुमती, हणमंतरावांची एकुलती मुलगी. वय सत्तावीस, मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. रोज साडेचारला वडिलांसाठी कॉफी घेऊन यायची आणि उंबऱ्यातच उभी राहायची, कारण आत ठिणग्या उडतात, तिथं बायकांचं काम नाही, असं हणमंतरावांचं म्हणणं. कॉफी संपायला पाच मिनिटं लागत. वसुमती अर्धा तास थांबायची. पत्रा कसा वाकतो, रिव्हेट कशी बसते, ते बघत राहायची. ही शेड गेली तर तिचं नेमकं काय जाणार होतं, ते वडिलांना कळलं नव्हतं. मला कळलं होतं, कारण मला दाराकडे तोंड करून ठेवलेलं असे.

"अण्णा," ती म्हणाली, "एक विचारू? मेजरांकडे न्यायच्या आधी तुम्ही ही इथंच पेटवून का नाही पाहिली?"

"नवी शेगडी इथं पेटत नाही. माहीत आहे ना तुला?"

"पण मग रंग टिकतो की नाही ते कळणार कसं?"

"आजोबांच्या वेळी टिकत होता!"

"आजोबांच्या शेगडीला आतून चार बोटं मातीचा लेप असायचा, अण्णा. बाहेर धगच पोचत नव्हती. हिला माती कुठंय?"

विठोजी उगाच खोकले. हणमंतरावांनी पेला खाली ठेवला. "शेड परत करीन, पण रिवाज मोडणार नाही. तुझी शाळा तू सांभाळ."

 वसुमतीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"आणि ही? ही नवी कुठे राहिली? हिचा पहिला विस्तव क्लबात पेटला. मेजरांच्या बायकोच्या हातचा. हिला पेटवायला कसली हरकत?"

 हणमंतरावांनी उरलेली कॉफी एका घोटात संपवली. "सरी," ते म्हणाले. "पण तू उंबऱ्यातून सांगायचं. हात विठोजी लावील."

तिसऱ्या दिवशी वसुमती माझ्यापुढे गुडघ्यांवर बसलेली होती आणि तिच्या नाकाला काजळी लागलेली होती.

माझी पाठ काचकागदानं घासून साफ केली, तिच्यावर खडूनं अकरा चौकोन आखले. नऊ विठोजींच्या नऊ डब्यांसाठी. दोन वसुमतीनं राखून ठेवले. "ते माझे," एवढंच ती म्हणाली.

विठोजींना स्वतःच्या रंगांवर पूर्ण भरवसा होता. रोज दुपारी दोन चौकोन रंगवायचे, दुसऱ्या दिवशी वाळले की कोळसा पेटवायचा. पहिल्याच दिवशी पिवळा बघता बघता विटकरी झाला. विठोजी हबकले. "अय्यो! अक्का, हा तर बोलता बोलता पक्ष बदलतो!"

"पिवळ्या मातीतलं पाणी उडालं की ती तांबडी होते," वसुमती म्हणाली. "वर्गात मुलींना शिकवते, पण मीही आजच पाहिलं."

निळा तपकिरी झाला. हिरवा हा पिवळा आणि निळा मिळून झालेला, त्यानं दोघांचेही दुर्गुण दाखवले. पांढरा जुन्या दातासारखा पिवळा पडला. गुलाबी, ज्यानं विठोजींनी आयुष्यभर गुलाब काढले, तो तर अर्ध्या मिनिटात नाहीसाच झाला. त्या दिवशी विठोजी जेवले नाहीत.

"विठोजीअण्णा, दोष तुमचा नाही," वसुमतीनं त्यांना समजावलं. "काही रंग स्वतः जळतात. जे जळत नाहीत, त्यांना पत्र्याला धरून ठेवणारं जवसाचं तेल जळतं. ट्रंकेला कोण खाली जाळ लावतं?"

नववा डबा गेरूचा. तेल जळून पापुद्रे सुटले, पण त्याचा तांबडा रंग काही हटेना. "बघा!" विठोजी ओरडले. वसुमतीलाही आशा वाटली. तेलाऐवजी दुसऱ्या एका मिश्रणात कालवून तो तिनं पुन्हा लावला, आणि या वेळी तो पक्का बसला. मग तिनं तीन दिवस माझ्यावर तेल लावलेली कणसं भाजली, सगळ्या शेडला खाऊ घातली. तिसऱ्या दिवशी धुरानं आणि तेलानं गेरू ओळखू येत नव्हता.

"काय झालं मग?" हणमंतरावांनी विचारलं. ते आता कॉफी संपल्यावरही तिथंच उभे राहत.

"टिकला, अण्णा. पण शेवटी काळाच झाला. जे महिन्याभरात काळं होणार, ते आधीपासूनच काळं का नसावं?"

आणि ती स्वतःच्या दोन चौकोनांकडे वळली. साबण करणाऱ्या एका कारखान्यातून तिनं सोडियम सिलिकेट आणलं होतं, पाकासारखं घट्ट. त्यात तिनं ग्रॅफाइटची पूड कालवली, शिसपेन्सिलीत असते ती. हे दहाव्या चौकोनासाठी. अकराव्यासाठी पातळ रोगणात कालवलेली ॲल्युमिनियमची पूड.

रुपेरी चौकोन पहिल्याच फटक्यात जिंकला. रोगण जळून गेलं, चमक पत्र्याला धरून राहिली. काळा मात्र तिनं त्यानंतर लावला, वाळल्यावर न पेटवताच वरून ओला फडका फिरवला, आणि काळा रंग फडक्यावर आला. वसुमतीनं ओठ चावला. बारा दिवस गेले होते.

"पेटवून मग पुसा की, अक्का," विठोजी म्हणाले. "सगळ्यांना पेटवलंत, ह्यालाच का वगळता?"

पेटवला. तासभर चांगला जाळ दिला. थंड झाल्यावर फडका फिरवला. फडका कोरा. पुन्हा घासला, कोरा. चिंचेनं घासला, नारळाच्या शेंडीनं घासला. मला पाठीवर गुदगुल्या होत होत्या आणि ती रडत होती की हसत होती ते मला नीट दिसलं नाही, तिचं कपाळ माझ्या झाकणाला टेकलेलं होतं.

पंधराव्या दिवशी मला पुन्हा जटक्यात चढवलं. "तू कशाला येतेस क्लबात?" हणमंतराव म्हणाले.

"माफी मागायची असेल तर तुम्ही एकटे जा. कारण सांगायचं असेल तर मी येते."

ते सरकून बसले आणि तिला जागा दिली.

मेजरांनी माझी पाठ पाहिली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांचे चार रंग विठोजींनी आदल्या दिवशी त्यांच्या चौकोनांत नव्यानं भरले होते. "हे काय? मी शेगडी मागितली होती, नकाशा नव्हे."

"मेजरसाहेब, तुमचा आवडता रंग कुठला?" वसुमतीनं विचारलं.

"हिरवा. फौजेचा."

"घड्याळ लावा."

तिनं कोळसा पेटवला. मेजर खुर्ची ओढून समोर बसले, हातात घड्याळ घेऊन. पिवळा गेला, लाल काळवंडला, निळा गेला. हिरव्यानं सात मिनिटं तग धरला आणि मग फोड येऊन तोही पडला. काळा आणि रुपेरी जसेच्या तसे.

"सात मिनिटं," मेजर म्हणाले. "बरा लढला."

"आम्ही दोनच रंग देऊ शकतो, साहेब. काळं पोट, रुपेरी झाकण. बाकी कुणी कितीही रंग देतो म्हणाला, तर त्याला तुमच्यासमोर पेटवायला सांगा," वसुमती म्हणाली.

"आणि मी सभासदांना काय सांगू? छत्र्यांचं काय?"

"छत्र्यांखाली कुणी विस्तव लावत नाही. त्यांना रंग राहू द्या."

मेजर मोठ्यानं हसले. मग त्यांनी हणमंतरावांकडे पाहिलं. "राव, गेल्या वेळी हिला का नाही आणलंत?"

हणमंतराव वाकून माझ्या जाळीखालची राख उकरू लागले. पण चोवीस शेगड्यांचं काम पक्कं झालं होतं.

आता एकच अडचण उरली, आणि ती सगळ्यांत मोठी होती. काळा रंग पहिल्या विस्तवानंच पक्का होत होता. म्हणजे चोवीसच्या चोवीस कोऱ्या शेगड्या पाठवण्याआधी शेडमध्येच पेटवायला हव्या होत्या. वसुमती यावर वडिलांशी एक शब्द बोलली नाही. विठोजींनी रंग लावला, शेगड्या दोन रांगांत वाळत उभ्या राहिल्या. दोन दिवस हणमंतराव त्यांच्यामधून येरझारा घालत होते. एकदा माझ्यापाशी थांबले, काळ्या चौकोनावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगात धुतलेला सदरा घातला होता. सगळ्या शेगड्यांत त्यांनी स्वतः कोळसा भरला. शाळेला सुट्टी होती, वसुमती लवकर आली होती. सवयीनं उंबऱ्यात थांबली.

"बाहेर का उभी?" ते म्हणाले. "आत ये."

ती आत आली. हणमंतरावांनी खिशातून काडेपेटी काढली.

"पहिला विस्तव घरच्या बाईनं पेटवायचा, असं माझे आजोबा म्हणायचे. मी त्यांचं काही मोडत नाहीये. हे घर तुझं आहे. पेटव."

पहिल्या दोन काड्या विझल्या. तिसरी लागली. मग एकेक करत चोवीस शेगड्या पेटल्या, शेडभर धग पसरली, आणि विठोजी दोन्ही रांगांमधून फुंकणी घेऊन पळत होते, "ही धरली! ही पण धरली, अक्का!" शेजारच्या शेडमधले लोक आग लागली समजून बादल्या घेऊन धावत आले. त्यांना कणसं मिळाली.

वर्धापनदिनाला मी गेले नव्हते, म्हणून ते ऐकीव सांगते. हिरवळीवर चोवीस काळ्याभोर शेगड्या, वर रुपेरी झाकणं उन्हात झळकताहेत, त्यांच्यावर चार रंगांच्या छत्र्या. दोनशे माणसं जेवली आणि एकानंही नाक धरलं नाही. निघताना सभासद शेगडीवर बोटं फिरवून बघत होते, बोटं काळी होतात का म्हणून. होत नव्हती. त्याच दुपारी नऊ जणांनी घरच्यासाठी शेगड्या सांगितल्या. आणि मेजर ज्याला त्याला सांगत होते, "माझा हिरवा सात मिनिटं टिकला, हं!"

शेडची किल्ली आजही हणमंतरावांच्या कमरेलाच आहे. आता १९६९ साल चालू आहे. वसुमतीनं शाळा सोडून सात वर्षं झाली, तिचं टेबल शेडच्या बरोबर मध्यभागी आहे. शेगड्या म्हैसूर, हुबळी, मद्रासलाही जातात. प्रत्येक खेप पाठवण्याआधी काडेपेटी तिच्याच हातात दिली जाते.

गिऱ्हाईक मात्र बदललेलं नाही. दर आठवड्याला कुणीतरी येतं आणि विचारतं, "एवढा मोठा कारखाना, आणि दोनच रंग? आम्हाला लाल हवी होती." मग वसुमती त्यांना माझ्याकडे आणते. मी पाठ फिरवून उभीच असते. काही लोक एकेक चौकोन निरखतात, काही हसतात. पण माझ्या पाठीशी कुणी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

माझी विक्री कधी झाली नाही. मी कुठल्या घरात गेले नाही, कुठल्या हिरवळीवर माझ्याभोवती मुलं जमली नाहीत. याचं मला बरीच वर्षं वाईट वाटे. नमुना म्हणून नापास, शेगडी म्हणून बिनकामाची, मग मी कोण, हा विचार अजूनही कधीतरी येतो. अशा वेळी मी समोर दाराकडे बघते.

दारावर नवी पाटी आहे. शेगड्यांवरून हद्दपार झालेले नऊ डबे विठोजींनी पाटीसाठी जपून ठेवले होते. बापाच्या नावाखाली त्यांनी मुलीचं नाव लिहिलं. त्याच्या कडेनं गुलाब काढले, गुलाबांत पोपट बसवले. नवांतला एकही रंग वाया घालवला नाही. ऊन कितीही पडलं तरी पाटीखाली कुणी विस्तव लावत नाही, त्यामुळे ते नाव आजही ओलं असल्यासारखं दिसतं.

कधी या बाजूला आलात तर आधी ती पाटी वाचा, आणि मग आत येऊन माझी पाठ बघा.